सहाचा भोंगा

मी आत कधीच नव्हतो.
आत असायच्या ओटिलियाकाकू, तिच्या दोघी नणंदा,
खाणीत पाय गेलेला राइनहोल्ड,
आणि चुलीमागच्या विटेआड दडवलेलं
अर्धं पुस्तक.
पहिली पानं वाटेतच गेली,
गुरांच्या डब्यात, कुणाचं तरी बाळ शेकायला.

मी बाहेर. नऊ वर्षांचा. पहाऱ्यावर.
कारागांदाची थंडी अशी, की थुंकी
जमिनीवर पडायच्या आत खडा व्हायची.
खूण ठरलेली: कुणी आलं तर
बादलीवर तीनदा फावडं आपटायचं.
मग आत सगळ्या लोकर पिंजायला लागणार
आणि राइनहोल्ड खोकणार.
(तो तसाही खोकायचाच.)

शेजारची बाल्झान. तिचा देव वेगळा.
दर बुधवारी ती कुत्र्याला गोठ्यात कोंडायची,
मला म्हणायची, "उरकू दे तुमचं.
ह्याचं तोंड मी धरते."

तर मला प्रार्थना आली ती भिंतीतून.
गवत कालवलेली, हातभर जाड मातीची भिंत;
शब्द तिच्यातून चाळून यायचे.
स्वर्ग यायचा. नाव यायचं. राज्य यायचं.
भाकर तर अगदी लख्ख यायची,
ती सगळेच मोठ्यानं मागत.
आणि मग बरोबर सहा.
खाणीचा भोंगा. एक पाळी सुटली, दुसरी भरली.
आभाळभर लांबलचक हंबरडा.
तो ओसरायचा तेव्हा आतली माणसं
परीक्षेपाशी, वाइटापाशी पोचलेली असायची.

मी तेवढीच शिकलो. मधे भोंगा असलेली.
बाबांना नेलं त्या रात्री तीच म्हटली,
भोंग्यासकट, तोंडानं ऊ ऊ करून.
मला वाटायचं तोही प्रार्थनेतलाच:
आधी भाकर मागायची,
मग असं ओरडायचं.

देव आला नाही. सरळ सांगतो.
मार्चमध्ये बर्फ उतरलं तेव्हा धाकटी नणंद सापडली,
हुल्दा, रेल्वेच्या बांधाला टेकून,
पिशवीत सात बटाटे तसेच.
त्या बुधवारीही काकू बसली.
मी विचारलं, आता कशाला?
लोकरीतला काटा काढत ती म्हणाली,
"बुधवार आहे म्हणून."

एवढंच तिचं धर्मशास्त्र.
मी त्यावर चौसष्ट वर्षं काढली.

मधे काळ पालटला. पाळकसाहेब आले,
कोरं पुस्तक, शाईचा वास.
बोट ठेवून वाचत गेलो,
तर भाकरीच्या खाली, जिथे माझा भोंगा,
तिथे एक ओळ निघाली.
ऋणांची. सोडण्याची.
आम्ही जसं सोडलं, तसं.

मी पुस्तक मिटलं.
कमांडंट ल्यापिन तेव्हा जिवंत होता.
बाल्झानच्या नातवाच्या पावाच्या दुकानाबाहेर
बाकावर ऊन खात बसायचा,
दोन्ही डोळ्यांत फुलं पडलेली.
पावलं ऐकून विचारायचा, "कोण? जर्मन का?"
मी म्हणायचो, हो.
आणि पुढे जायचो, भाकर घेऊन.

आता खाण बंद. भोंगा उतरवून भंगारात दिला.
सहाला नुसती शांतता होते,
आणि शांतता काही झाकत नाही.
मी गुडघे टेकतो, उजवा नीट वाकत नाही,
आणि पहिल्यापासून सुरू करतो.
नाव. राज्य. भाकर.
मग थांबतो.

कधी ऊ ऊ करतो, एकटा म्हातारा,
माझं मलाच हसू येतं.
कधी पहिला शब्द ओठांपर्यंत येतो नि सुकतो.
कधी चोरासारखा ती ओळ ओलांडून
थेट वाइटापाशी उतरतो.
ल्यापिनला पुरून सहा वर्षं झाली.
पुरताना मी लांब उभा होतो, पहाऱ्यावर असल्यासारखा.
बादली समोर. फावडं हातात.
कुणाला सावध करायचं, तेच कळेना.

उद्या बुधवार.